नाळेवरचा नांगर



आपल्या मराठीत एक गंमत आहे. शेतकरी जमिनीत घालतो तो नांगर, आणि खलाशी पाण्यात टाकतो तोही नांगरच. पहिल्याचे मूळ संस्कृत ‘लांगल’ या शब्दात आहे. दुसऱ्याचे नाते फारसी ‘लंगर’ या शब्दाशी जोडतात. दोन निरनिराळ्या घराण्यांतले हे शब्द आपल्या जिभेवर येऊन एकच झाले. मी शिक्षक असताना एका मुलाने मला भर वर्गात विचारले होते, “गुरुजी, समुद्रात नांगर टाकतात तो कोणते शेत नांगरावयास?” वर्ग हसला, मीही हसलो, आणि प्रश्न तेथेच राहिला. तो प्रश्न वाटला तितका पोरकट नव्हता, हे मला सेवानिवृत्त झाल्यावर कळले. कारण केंब्रिजच्या एका थोर गणितज्ञाने १९३३ साली नौकेचा नांगर खरोखरच शेतातल्या नांगराच्या धर्तीवर घडविला आणि त्याने जगभरच्या शिडाच्या नौकांची नाळ व्यापून टाकली. त्याची हकीकत पुढे येईलच.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो गेली कित्येक वर्षे न्यूझीलंडात ऑकलंड येथे राहतो. तेथे त्याने पस्तीस फूट लांबीची एक जुनी शिडाची नौका घेतली आहे. सुटीच्या दिवसांत तो, त्याची पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी असे तिघे जवळच्या बेटांकडे जातात व रात्र एखाद्या खाडीत नांगर टाकून काढतात. दोन वर्षांपूर्वी त्याचे एक पत्र आले. ग्रेट बॅरिअर बेटाच्या एका खाडीत रात्री दोन वाजता त्याला जाग आली ती नौकेच्या हेलकाव्यात काही निराळेच जाणवल्यामुळे. संध्याकाळचा वायव्येचा वारा फिरून नैर्ऋत्येचा झाला होता, नांगर उखडून तळावरून घसरत होता, आणि खडक नौकेच्या मागे जेमतेम पंचवीस हातांवर उरले होते. यंत्र पहिल्या झटक्यास सुरू झाले म्हणून सर्व बचावले. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “गुरुजी, आता मोठा नांगर बसवावयाचा आहे; पण तो नाळेवर मावत नाही. नाळ बदलावी लागेल. आराखडा पाठवितो, हिशेब तेवढा तपासून द्याल का?”

मी गणित शिकविले आहे, नौका कधी चालविली नाही. परंतु विद्यार्थ्याने हिशेब तपासावयास पाठविला असता नाही म्हणणे शिक्षकास कसे जमावे? मी पुस्तके मिळविली, जाणत्यांस विचारले, आणि जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम नांगर काय करतो ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की नांगर जड असतो म्हणून नौका जागच्या जागी राहते. ही समजूत चूक आहे. पाच-सहा हजार किलो वजनाची नौका सोळा किलोच्या लोखंडाने केवळ वजनाच्या जोरावर कशी थोपणार? नांगर धरतो तो तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुतून. त्याचा फाळ जितका खोल जाईल आणि त्याच्या पुढे जितकी माती दबेल तितका तो घट्ट. आणि तो खोल जावयाचा तर त्याला ओढणारी साखळी शक्य तितकी तळाला समांतर पाहिजे. साखळी वर उचलली गेली की तीच साखळी नांगर उपटून काढू लागते. शेतकरी बैलांच्या जुवाची उंची आणि नांगराचा कल यांचा मेळ घालतो. तेच तत्त्व येथे आहे.

म्हणून खलाशी पाण्याच्या खोलीच्या पाचपट, निदान चौपट साखळी सोडतात. साखळी ताणून सरळ झाली असे धरले तर पाचपटीला ती तळाशी साडेअकरा अंशांचा कोन करते, आणि तिपटीला जवळजवळ वीस अंशांचा. येथेच मला माझ्या विद्यार्थ्याची पहिली चूक सापडली, आणि ती नांगराची नव्हती, अंकगणिताची होती. त्याने रात्री आठच्या सुमारास, ओहोटीच्या वेळी, सहा मीटर पाण्यात नांगर टाकला आणि तीस मीटर साखळी सोडली. सहा पंचे तीस; हिशेब बरोबर दिसतो. परंतु साखळी पाण्याच्या पृष्ठभागापासून सुटत नाही, नाळेवरच्या रुळापासून सुटते, आणि तो रूळ पाण्याच्या वर दीड मीटर होता. शिवाय रात्री दोनच्या सुमारास भरती आली व पाणी अडीच मीटरांनी चढले. सहा, दीड आणि अडीच मिळून झाले दहा मीटर. तीस मीटर साखळी म्हणजे आता पाचपट नव्हे, अवघी तिप्पट! त्यातच वारा फिरला व वाढला. मी त्याला स्पष्ट लिहिले की, मोठा नांगर घे, पण त्याआधी साखळीला दर दहा मीटरांवर रंगाची खूण कर आणि भरतीचे कोष्टक डोळ्यांपुढे ठेव. त्याने उत्तर पाठविले, “चूक कबूल आहे, गुरुजी, पण चूक झाली तरी सांभाळून घेईल असा नांगर मला हवा आहे.” या उत्तरापुढे मला बोलता येईना. घरी लहान मूल असलेल्या माणसाचे ते बोलणे आहे.

आता वाऱ्याचा जोर किती असतो तो पाहू. अमेरिकेतील नौकाविषयक मंडळाने बांधणाऱ्यांसाठी कोष्टके केली आहेत. त्यांप्रमाणे पस्तीस फुटी नौकेवर ताशी ३० सागरी मैलांच्या वाऱ्यात सुमारे ९०० पौंडांची, म्हणजे चारशे किलोंहून थोडी अधिक ओढ धरावी. वाऱ्याचा वेग ४२ झाला की ती ओढ दुप्पट होते, आणि ६० झाला की चौपट, म्हणजे सोळाशे किलोंच्या घरात जाते. वेग दुप्पट तर जोर चौपट, हा वर्गाचा नियम आपण शाळेत शिकलेलो असतो. खडक मागे दिसू लागले म्हणजे तो पाठ करावा लागत नाही.

आता त्या गणितज्ञाकडे येतो. जेफ्री इन्ग्रम टेलर हे त्यांचे नाव. जन्म १८८६, मृत्यू १९७५. द्रव व वायू यांच्या गतीवरील त्यांचे संशोधन जगप्रसिद्ध आहे. नात्याने ते तर्कगणिताचे जनक जॉर्ज बूल यांचे दौहित्र, आणि त्यांच्या आजीचे काका म्हणजे भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले आहे. टेलर यांना शिडाच्या नौकेचा मोठा नाद होता. ‘फ्रॉलिक’ नावाच्या आपल्या नौकेतून ते १९२७ साली नॉर्वेच्या उत्तरेस लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले. त्या काळचा नांगर म्हणजे आपण बिल्ल्यांवर व टोप्यांवर पाहतो तो, दोन फाळांचा आणि आडव्या दांड्याचा. त्याचा एक फाळ जमिनीत रुततो, दुसरा निरुपयोगी वर उभा राहतो, आणि नौका फिरली की साखळी त्यात अडकते. टेलर यांनी विचार केला की वजन न वाढविता अधिक धरणारा नांगर का करता येऊ नये? जलविमानांनाही असा हलका नांगर हवाच होता. त्यांनी दोन्ही अंगांनी माती सारणारा नांगरी फाळ घेतला, तो बिजागरीने दांड्याला जोडला आणि त्याला ‘सी-क्यू-आर’ हे नाव दिले. ही तीन इंग्रजी अक्षरे भराभर म्हटली की ‘सुरक्षित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखी ऐकू येतात. गणितज्ञांनाही कोट्या करता येतात, हे ध्यानात ठेवावे.

हा नांगर अनेक दशके नौकानयनात राज्य करीत होता, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या नौकेची नाळ त्याच्याच मापाने घडलेली आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकातली ती नौका. तिच्या नाळेवर एक लहानसा रूळ, त्याच्या दोन बाजूंना पोलादी पत्र्याचे दोन गाल, आणि त्या फटीत पस्तीस पौंडी, म्हणजे सोळा किलोचा नांगरी नांगर नेमका बसे. पुढे नांगरांत सुधारणा झाल्या. पीटर ब्रूस यांचा पंज्यासारखा नांगर आला. जर्मनीत पाठीवर कमान असलेला निघाला. फ्रान्सचे आलँ प्वारो यांनी टोकात शिसे भरलेला खोलगट फाळ केला. आणि या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडचे पीटर स्मिथ यांनी खोलगट फाळ व कमान एकत्र करून ‘रोकना’ हा नांगर बाजारात आणला. कमानीचे काम असे की नांगर तळावर उताणा पडला तरी तो कुशीवर वळावा आणि टोक मातीत घुसावे. जुना नांगरी फाळ माती दोन्हीकडे सारतो, नवा खोलगट फाळ ती फावड्याप्रमाणे आपल्यापुढे गोळा करतो. वारा फिरल्यावर उखडलेला नवा नांगर पुन्हा लवकर रुततो, हे माझ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्याने पंचवीस किलोचा घ्यावयाचे ठरविले.

आणि येथे अडचणीस सुरुवात झाली. पंचवीस किलोच्या नांगराचा फाळ रुंद, दांडा जाड, वर कमान. जुन्या गालांत दांडा शिरेना, कमान नाळेवरच्या कठड्याला अडू लागली आणि फाळाचे टोक नौकेच्या अंगाला लागून फायबरग्लासचे कवचे निघतील असे दिसू लागले. जुन्या नौकांची नाळ पुढे झुकलेली असते म्हणून नांगर खाली लोंबताना अंगापासून थोडा दूर राहतो. आजच्या नौकांची नाळ उभी असते, त्यांत हा त्रास आणखी वाढतो. उपाय एकच: रूळ पुढे नेणे. मी त्याला सुचविले की खरा नांगर विकत घेण्यापूर्वी त्याच मापाचा प्लायवूडचा नांगर करावा, तो दोरीला बांधून वर-खाली करून पाहावा. त्याने तसे केले, आणि पहिल्या आराखड्यात कमान कठड्याच्या खालच्या नळीत नेमकी अडकते हे लाकडाच्या नांगराने दाखविले. पोलाद कापल्यावर ते कळले असते तर केवढा खर्च!

रूळ चाळीस सेंटिमीटर पुढे न्यावा असे ठरले. आता तरफेचा हिशेब पाहा. नाळेची कड हा टेकू. समजा, लाटेवर नाळ उसळली, साखळी ताठ झाली आणि रुळावर एक हजार किलोचा भार सरळ खाली आला. टेकूच्या मागे पंचवीस सेंटिमीटरवर बोल्ट असतील, जसे जुन्या बसवणीत होते, तर एक हजार गुणिले चाळीस भागिले पंचवीस, म्हणजे सोळाशे किलोंच्या जोराने ते बोल्ट वर उपटले जातील. तेच बोल्ट पन्नास सेंटिमीटर मागे नेले तर तो जोर आठशेवर येतो. म्हणजे रूळ जितका पुढे न्यावयाचा, तितकीच पट्टी मागेही वाढविली पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या आराखड्यात पट्टी पुढे वाढली होती, मागे नव्हती. ते मी तांबड्या शाईने दाखवून दिले. इतक्या वर्षांनी तांबडी शाई हातात घेताना बरे वाटले, हे कबूल करतो.

परंतु खाली येणाऱ्या भारापेक्षाही घातक भार आडवा असतो. नांगरावर उभी असलेली नौका स्थिर राहत नाही. ती दावणीच्या वासरासारखी डावी-उजवीकडे पळत राहते, आणि साखळी रुळावर तिरपी येऊन गालांवर दाब देते. आपल्या हाताशी लाकडी फूटपट्टी असेल तर घ्या. ती उभी धरून वाकवा, वाकत नाही. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. ऐंशी मिलिमीटर उंच व सहा मिलिमीटर जाड पत्र्याची उभी ताकद त्याच्या आडव्या ताकदीच्या तेरापटींहून अधिक असते. त्यामुळे दोन सुटे गाल पुढे काढले तर ते वरून बळकट दिसतात आणि बाजूच्या एका धक्क्याने कागदासारखे वळतात. वळलेल्या गालाची धार मग दोर कापते, साखळी रुळावरून उडवून देते.

ही केवळ कल्पना नव्हे. १९८२ सालच्या डिसेंबरात मेक्सिकोतील काबो सान लुकास येथे उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून असलेल्या नौकांवर रात्री वादळ आले आणि पंचवीसांहून अधिक नौका वाळूवर फेकल्या गेल्या. त्यांत फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्ड म्वातेसिए यांची ‘जोशुआ’ होती. याच नौकेतून ते १९६८-६९ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघाले आणि जिंकण्याची संधी असताना शर्यत सोडून ताहितीकडे गेले. दक्षिण महासागराने जिला हात लावला नाही ती नौका नांगरावर असताना गेली. नशिबाने तिचा सांगाडा पोलादी होता. ती पुढे दुरुस्त झाली आणि फ्रान्समधील ला रोशेल येथील संग्रहालयाने ती जतन केली आहे. त्या रात्री काही नौकांच्या नाळेवरचे रूळच वाकले किंवा तुटले, आणि दोर घासून गेले. नांगर जमिनीत आहे, पण नौका त्याला जोडलेली नाही, यासारखा दुर्दैवाचा प्रकार दुसरा नसेल.

म्हणून आम्ही गाल सुटे न ठेवता खाली तळपत्रा जोडून पेटीसारखे केले, ओठ बाहेर वळवून गोल केले, साखळी उडू नये म्हणून वरून आडवी खीळ दिली, आणि रूळ मोठ्या व्यासाचा घेतला. पेटीच्या टोकापासून खाली पाण्याच्या रेषेजवळ नाळेत बसविलेल्या कडीपर्यंत पोलादी ताणा द्यावा की नाही, यावर आमचा पत्रव्यवहार पुष्कळ चालला. ताणा दिला तर टोक वर उसळण्यापासून आवरते. पण वारा फिरला की साखळी त्याच ताण्यावर घासते. शेवटी ताणा ठेवला नाही, कडी मात्र ठेवली. ती का, ते सांगतो. नांगर टाकल्यावर साखळीला एक जाड नायलॉनचा दोर आकड्याने जोडतात व ओढ त्या दोरावर घेतात. नायलॉन ताणला जातो व लाटेचा धक्का पोटात घेतो. हा दोर रुळावरून न आणता त्या खालच्या कडीला बांधला तर दोन लाभ होतात. नाळेवरच्या नव्या कामावर ओढ जवळजवळ येतच नाही, आणि खोलीच्या हिशेबातली ती दीड मीटर उंची वजा होते. दहा मीटरांच्या जागी साडेआठ, पन्नास मीटर साखळीच्या जागी साडेबेचाळीस. ज्या कडीला फारसा खर्च नाही तिने सर्वांत अधिक काम केले, असे माझे मत आहे. रात्री उठून दोर घासतो की काय हे पाहावे लागते, एवढाच त्यातला त्रास.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ नौकांत डोलकाठीला पुढून आवरणारी तार नाळेवरच्या याच पोलादी पट्टीत अडकविलेली असते. नांगराच्या कामासाठी पट्टी कापली आणि ती कमजोर झाली तर केवळ नांगर नव्हे, डोलकाठीच खाली येईल. तिकडे एका कारखान्याने जुनी पट्टी कापून नवा तुकडा सांधण्याचे सुचविले होते; मी त्यास ठाम विरोध केला. नवी पेटी स्वतंत्र राहिली, तारेची पट्टी अखंड. तसेच तक्तपोशीखाली फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड असते. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपले की ते कुजते. तेथले लाकूड काढून भरीव राळ भरली आणि खाली जाड पट्टी दिली. या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत.

वजनाचाही विचार करावयास हवा. नाळेत वजन वाढले की नौका लाटेवर अधिक उलट-पालट होते, आणि हा परिणाम मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. त्याच्या मनात मोठ्या नांगराबरोबर साखळीही आठ मिलिमीटरची काढून दहाची घ्यावी असे होते. दहाची साठ मीटर साखळी एकशेचाळीस किलोंच्या आसपास भरते, आठची नव्वदच्या आसपास. नांगराचे नऊ किलो वाढवावयाचे म्हणून साखळीचे पन्नास का वाढवावेत? अधिक कसदार पोलादाची आठ मिलिमीटरची साखळी साध्या दहापेक्षा कमी बळकट नसते. ती घेतली. तिचा ढीगही नाळेच्या टोकातून काढून डोलकाठीच्या पायथ्याशी, मध्यापासून मीटरभरावर आणला. पूर्वी ती साडेचार मीटर पुढे असे. एकाचा वर्ग एक, साडेचाराचा वर्ग वीस आणि पाव. म्हणजे या बाबतीत तीच साखळी विसांपटीने हलकी झाली.

आपल्याकडे श्रोत्यांना दिलीप दोंदे यांची ‘म्हादेई’ आठवत असेल. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली, आणि २००९-१० साली दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने, चार ठिकाणी थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती केली. त्यांना वाटेत नांगर टाकण्याचे कारणच नव्हते. परंतु सुटीत मुलीला घेऊन बेटाकडे जाणाऱ्या माणसाचा सारा प्रवास नांगरापाशी येऊन थांबतो, आणि त्याची झोप त्याच्यावर अवलंबून असते.

गेल्या जूनमध्ये, तिकडच्या हिवाळ्यात, काम पुरे झाले. नौका पाण्यात उतरल्यावर त्याने पहिली रात्र मुद्दाम त्याच खाडीत काढली. भरतीच्या वेळी उठून त्याने किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पाहिल्या. त्या हलल्या नव्हत्या. मुलीने साखळीवरच्या रंगाच्या खुणा मोजून पाच म्हटल्या, असे त्याने लिहिले आहे. नायलॉनचा दोर मात्र कडीपाशी थोडा घासला आहे. तेथे चामड्याचे वेष्टन द्यावे की रबरी नळी, हे तो विचारतो आहे. त्याचे उत्तर मला अजून पाठवावयाचे आहे.